विद्वानांचा गौरव : कोणी, कसा आणि कशासाठी?

विद्वानाचा गौरव करणे हे काम दिसते तितके सोपे नाही. पहिलवानाची कुस्ती हजारो डोळ्यांदेखत लागते, आणि कोणाची पाठ मातीला टेकली याविषयी सांगलीच्या किंवा कराडच्या मैदानात सहसा दुमत होत नाही. गवयाचा सूर लागला की नाही हे शास्त्र न शिकलेल्या श्रोत्यालाही पुष्कळदा कळते. विद्येचे तसे नाही. विद्वानाने नेमके काय मिळविले हे समजण्यास पाहणाराच्या अंगीही थोडीफार विद्या असावी लागते. ती नसेल तर गौरव हा नुसता उपचार होतो. आणि ती असूनही पाहणाऱ्याने भीड धरली किंवा मत्सर केला, तर गौरवाचे रूपांतर खुशामतीत नाहीतर मौनात होते.

म्हणून या विषयाचा विचार करताना आम्ही तीन प्रश्न पुढे ठेवतो. विद्वानाचा जाहीर गौरव करण्याचा अधिकार कोणाचा? तो कोणत्या मापाने करावा? आणि ज्याचा गौरव होतो त्याने तो कसा स्वीकारावा? या प्रश्नांची उत्तरे तत्त्वज्ञानाच्या ग्रंथांतून काढता येतील. परंतु आपल्या कृष्णाकाठच्या मुलखात, म्हणजे माहुली, वाई, सातारा, मिरज आणि सांगली एवढ्या टापूत, गेल्या अडीचशे वर्षांत या प्रश्नांचा प्रत्यक्ष अनुभव इतका भरपूर आला आहे की, इतिहासाच्या वाटेने जाणेच अधिक फलदायी होईल असे आम्हांस वाटते.

आरंभ दक्षिणेपासून करू. श्रावण महिन्यात विद्वान ब्राह्मणांस द्रव्य देऊन त्यांचा सन्मान करण्याची प्रथा तळेगावच्या दाभाड्यांनी चालविली होती. १७३१ साली डभईच्या लढाईत त्रिंबकराव दाभाडे पडले आणि पुढे ही प्रथा पेशव्यांकडे आली. पुण्यास पर्वतीच्या पायथ्याशी रमणा नावाचे जे आवार होते, तेथे दूरदूरच्या प्रांतांतून ब्राह्मण जमत. वेद, व्याकरण, न्याय, धर्मशास्त्र यांत ज्यांची गती असेल त्यांची शास्त्र्यांकडून परीक्षा होई आणि योग्यतेप्रमाणे दक्षिणा ठरे. साताऱ्याकडचे आणि वाईकडचे पुष्कळ शास्त्री या परीक्षेला बसले असतील, कारण वाई हे तर त्या काळी विद्येचे माहेरघरच मानले जात असे.

या दक्षिणेच्या संदर्भात साताऱ्याजवळच्या माहुलीचे रामशास्त्री प्रभुणे यांची एक आख्यायिका प्रसिद्ध आहे. रामशास्त्री आणि नाना फडणीस दक्षिणेच्या वाटपावर देखरेख करीत असता खुद्द शास्त्रीबोवांचे बंधू दक्षिणेसाठी पुढे आले. हे शास्त्रीबोवांचे बंधू, तेव्हा यांस काही विशेष द्यावे, असे नानांनी सुचविले. रामशास्त्र्यांनी ते मानले नाही. यांची विद्या सामान्य आहे, तेव्हा सामान्यास जे मिळते तेच यांस मिळावे. भाऊ म्हणून जे करावयाचे ते मी माझ्या घरी करीन, असा त्यांच्या उत्तराचा आशय सांगतात. ज्या न्यायाधीशाने नारायणराव पेशव्यांच्या खुनानंतर राघोबादादांना दोषी ठरविले आणि पुणे सोडून वाईजवळच्या पांडववाडीचा रस्ता धरला, त्याच्या स्वभावाशी ही गोष्ट जुळते, म्हणूनच ती लोकांच्या तोंडी टिकली.

आम्हांस या गोष्टीत केवळ निःस्पृहपणा दिसत नाही. रामशास्त्र्यांनी येथे एक सूक्ष्म भेद केला आहे. घरचे प्रेम वेगळे आणि सभेतील मान वेगळा. घरचे प्रेम माप न घेता द्यावयाचे असते. सभेतील मान मात्र मोजूनच दिला पाहिजे, कारण तो एकट्या घेणाराचा नसतो. एका सामान्य माणसास विशेष मान दिला की शेजारी उभ्या असलेल्या खऱ्या पंडिताचा मान तेवढाच उणा होतो. रमण्यातील रांगेत त्या दिवशी उभा असलेला, काशीस बारा वर्षे घासून आलेला एखादा वैयाकरण आपण डोळ्यांपुढे आणावा. भावाला दिलेली जादा रक्कम खजिन्यातून गेली असती हे खरे. पण खरे पाहता ती त्या वैयाकरणाच्या पदरातून गेली असती.

तथापि दक्षिणेच्या पद्धतीचे दोषही आपण लपवू नयेत. ती एकाच जातीपुरती होती. ज्ञान सांभाळणारास तीत मान होता, नवे ज्ञान मिळविणारास विशेष मान नव्हता. पाठांतर आणि परंपरा यांचीच परीक्षा होई. शिवाय गौरव करणारा धनी आणि गौरव घेणारा आश्रित, असे नाते असल्यामुळे बाकीच्या समाजास त्या व्यवहारात जागाच नव्हती. शेतकरी, कारागीर, उदमी यांच्या करातून दक्षिणा दिली जाई, परंतु पंडिताने काय लिहिले हे त्यांस कळण्याची सोय नव्हती.

१८१८ साली पेशवाई गेली. एल्फिन्स्टनसाहेबांनी रमण्यातील सरसकट वाटप बंद केले, परंतु विद्वानांसाठी वर्षास ५०,००० रुपये राखून ठेवले. त्यातील काही भाग १८२१ साली विश्रामबागवाड्यात निघालेल्या संस्कृत पाठशाळेकडे गेला. पुढे १८४९ च्या सुमारास पुण्यातील काही तरुणांनी असा अर्ज केला की, दक्षिणेच्या पैशातून मराठीत उपयुक्त ग्रंथ लिहिणारांस बक्षिसे द्यावीत. लोकहितवादींचा या विचारास पाठिंबा होता, आणि मूळचे साताऱ्याकडील कटगुणच्या घराण्यातले जोतीराव फुले हे अर्जदारांच्या पाठीशी उभे राहिले. जुनी शास्त्रीमंडळी संतापली. पण १८५१ साली दक्षिणा प्राइझ कमिटी अस्तित्वात आली, आणि महाराष्ट्रात विद्येच्या गौरवाचे माप बदलले. पूर्वी शास्त्र्याची परीक्षा शास्त्री घेत, ती तोंडी असे आणि तिचा निकाल रमण्याच्या आवारात राही. आता ग्रंथ छापून लोकांपुढे येऊ लागला आणि त्याला बक्षीस योग्य होते की नाही हे कोणाही वाचत्या माणसास ठरविता येऊ लागले. ही क्रांती लहान नव्हती.

सरकारी पदव्यांचा काळ याच सुमारास सुरू झाला. १८८७ साली व्हिक्टोरिया राणीच्या राज्यारोहणाच्या सुवर्णमहोत्सवानिमित्त महामहोपाध्याय ही पदवी निघाली. साताऱ्याच्या वैयाकरणांच्या परंपरेतील वासुदेवशास्त्री अभ्यंकर यांस ती मिळाली. ती पदवी योग्य पुरुषास मिळाली यात शंका नाही. परंतु वासुदेवशास्त्र्यांचे नाव आज जे घेतले जाते ते पदवीमुळे नव्हे. त्यांचे आजोबा भास्करशास्त्री यांच्यापासून साताऱ्यास व्याकरणाची जी अध्ययनपरंपरा चालली, ती वासुदेवशास्त्र्यांनी पुण्यास नेऊन नव्या विद्यार्थ्यांच्या हाती दिली, म्हणून त्यांचे नाव घेतात. रावबहादूर, रावसाहेब या पदव्या तर इंग्रजी राज्याबरोबर गेल्या. उलट जोतीरावांना १८८८ साली मुंबईच्या लोकांनी मांडवीच्या कोळीवाड्यात भरसभेत महात्मा ही पदवी दिली, ती सरकारी दप्तरात नसूनही राहिली. राज्याने दिलेला मान राज्य असेपर्यंत टिकतो. लोकांनी समजून दिलेला मान लोक असेपर्यंत टिकतो.

परंतु आमच्या विषयाचा गाभा याहून पुढे आहे. तो म्हणजे विद्वानांनी विद्वानांचा केलेला गौरव. या बाबतीत सातारा, वाई आणि मिरज ही तीन गावे मराठ्यांच्या इतिहाससंशोधनात एका त्रिकोणासारखी उभी आहेत.

या संशोधनाचा उगम काहीसा विचित्र आहे. साताऱ्यास प्रतापसिंह महाराजांच्या दरबारी नेमलेल्या ग्रँट डफने १८२६ साली मराठ्यांचा इतिहास प्रसिद्ध केला. साताऱ्याचे कागद त्यास पाहावयास मिळाले होते. कॅपनने त्याचे मराठी भाषांतर केले आणि ते शाळांतून चालू लागले. चाळीस वर्षे त्या ग्रंथाची स्तुती झाली, पण परीक्षा झाली नाही. ती परीक्षा १८६८ च्या सुमारास नीळकंठ जनार्दन कीर्तने नावाच्या तरुणाने केली. पुण्यातील तरुणांच्या सभेत त्याने निबंध वाचला आणि तो ‘विविधज्ञानविस्तारा’त छापला गेला. डफने कोणते कागद पाहिले, कोणते पाहिले नाहीत, आणि त्यामुळे कोठे चूक झाली, हे त्याने दाखविले. आम्ही तर असे म्हणू की, डफच्या श्रमांचा आपल्याकडे झालेला पहिला खरा सन्मान तो हाच. एखाद्या ग्रंथाची ओळ न् ओळ वाचून त्यातील उणीव दाखविणारा वाचक मिळणे हे प्रत्येक ग्रंथकाराच्या नशिबी नसते.

त्या निबंधापासून स्फूर्ती घेऊन पुढे काशिनाथ नारायण साने आदी मंडळींनी १८७८ साली ‘काव्येतिहाससंग्रह’ काढला. मग आले वासुदेवशास्त्री खरे, दत्तात्रेय बळवंत पारसनीस आणि विश्वनाथ काशीनाथ राजवाडे. राजवाड्यांस वाई येथे पेशवेकालीन पत्रे सापडली आणि १८९८ साली ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ या मालेचा पहिला खंड निघाला. त्यात १७५० ते १७६१ या काळातील, म्हणजे पानिपतापर्यंतची, पत्रे आहेत. पुढे त्यांनी या मालेचे एकूण २२ खंड काढले. गावोगाव हिंडून, कोणाच्या माळ्यावरचे तर कोणाच्या बळदातले रुमाल सोडवून हा माणूस कागद गोळा करीत असे.

पारसनीस साताऱ्याचे. त्यांनी १८९४ साली झांशीच्या राणीचे चरित्र लिहिले, ‘इतिहाससंग्रह’ मासिक चालविले, मेणवलीचे नाना फडणिसांचे दप्तर मिळविले, आणि साताऱ्यास जुने कागद, चित्रे व ग्रंथ यांचा असा संग्रह उभा केला की देशोदेशीचे अभ्यासक तो पाहावयास येत.

खरेशास्त्री मूळचे कोकणातले. साताऱ्यास त्यांनी संस्कृताचे अध्ययन केले आणि पुढचे सारे आयुष्य मिरजेच्या हायस्कुलात संस्कृत शिकविण्यात घालविले. पटवर्धन सरदारांचे दप्तर त्यांनी वाचून काढले आणि १८९७ पासून ‘ऐतिहासिक लेखसंग्रह’ छापावयास सुरुवात केली. १९२४ साली ते वारले तोवर त्याचे बारा भाग निघाले होते. शाळामास्तराचा पगार तो काय, आणि छपाईचा खर्च तो काय! नुसती पत्रे छापून ते थांबले नाहीत. कोणते पत्र कोणत्या मोहिमेतले, ते लिहिण्याचे कारण काय, त्याच्या मागे-पुढे काय घडले, हे त्यांनी आपल्या शब्दांत सांगितले. म्हणून सामान्य वाचकासही तो संग्रह कथेप्रमाणे वाचता येतो.

या तिघांनी एकमेकांचा गौरव कसा केला? आजच्या सत्कारसमारंभांत शोभेल अशा भाषेत मुळीच नाही. पारसनिसांनी साताऱ्याजवळच्या धावडशीच्या ब्रह्मेंद्रस्वामींचे चरित्र लिहिले आणि स्वामींस राजकारणात मोठे स्थान दिले. राजवाड्यांनी स्वामींचा पत्रव्यवहार आपल्या तिसऱ्या खंडात छापला आणि ते स्थान त्यांस मान्य नसल्याचे प्रस्तावनेत खणखणीत शब्दांत सांगितले. राजवाड्यांची लेखणी तिखट होती, पुष्कळदा ती अन्यायही करी. परंतु या वादाने एक गोष्ट साधली. धावडशीचा स्वामी हा केवळ भाविकांच्या कौतुकाचा विषय न राहता इतिहासाचा विषय झाला. वाचकांपुढे दोन्ही बाजू आल्या, पुरावाही आला, आणि निर्णय करण्याचे काम वाचकांवर सोपविले गेले.

१९१० च्या जुलैत पुण्यास भारत इतिहास संशोधक मंडळ स्थापन झाले आणि या व्यवहारास सभेचे रूप मिळाले. लंडनच्या रॉयल सोसायटीत सतराव्या शतकापासून जी रीत होती, तिच्याच जातीची ही रीत. कोणी नवा कागद मिळविला तर तो सभेपुढे आणावयाचा, वाचावयाचा, त्यावरील शंका ऐकावयाच्या, आणि मग तो इतिवृत्तात छापावयाचा. कागद ज्याने मिळविला त्याचे नाव त्या कागदाबरोबर कायमचे जोडले जाई. एखाद्या खेड्यातील कुलकर्ण्याने किंवा शाळामास्तराने जुना महजर आणून दिला तर त्याचेही नाव छापले जाई. यात पैसा नव्हता, शालही नव्हती. पण दहा जाणत्या माणसांसमक्ष, ‘हे आम्हांस ठाऊक नव्हते, ते यांनी दाखविले’ असे म्हटले जाणे, यापरता मान विद्येच्या जगात दुसरा नाही.

या मंडळींचे मोल महाराष्ट्राबाहेर कोणी केले? बंगालच्या सर जदुनाथ सरकारांनी. त्यांनी ‘हाउस ऑफ शिवाजी’ या आपल्या ग्रंथात राजवाडे, साने, खरे आणि पारसनीस यांच्या कार्याचा स्वतंत्र परामर्श घेतला आहे. सरकारांनी राजवाड्यांच्या त्यागाची आणि कष्टांची तोंडभरून वाखाणणी केली, आणि त्यांच्या अभिनिवेशावर बोटही ठेवले. खरेशास्त्र्यांच्या संपादनाच्या शिस्तीस त्यांनी फार वरचे स्थान दिले. महाराष्ट्रातील काही विद्वानांशी सरकारांचे तीव्र मतभेद होते, हे आपण जाणतो. तरीही मिरजेच्या एका शाळामास्तराने काय केले हे त्यांनी कलकत्त्याहून पाहिले आणि इंग्रजीत लिहून जगास सांगितले. मतभेद असलेल्या माणसाने केलेली स्तुती ही दुप्पट वजनाची असते, कारण तिच्यात भिडेचा भाग नसतो.

येथे आपल्या गावांच्या पदरी एक बोलही येतो. १९२६ साली मार्चमध्ये पारसनीस आणि डिसेंबरात राजवाडे, असे दोघेही एकाच वर्षात गेले. राजवाड्यांच्या मागे धुळ्यास त्यांच्या नावाचे संशोधन मंडळ उभे राहिले आणि तेथे त्यांचे कागद जपले गेले. पारसनिसांचा साताऱ्यातील संग्रह मात्र १९३९ साली पुण्याच्या डेक्कन कॉलेजात गेला. तेथे तो सुरक्षित राहिला आणि अभ्यासकांच्या उपयोगी पडला, ही समाधानाची गोष्ट आहे. तरी साताऱ्यात बसून साताऱ्याचे कागद पाहण्याचा योग गेला तो गेलाच. पारसनिसांस पदवी मिळाली होती, मानही मिळाला होता. परंतु त्यांचे काम पुढे चालविण्याची सोय, हा गौरवाचा जो सर्वांत जड भाग, तो गावाच्या हातून निसटला. धुळ्याकडे पाहावे आणि साताऱ्याकडे पाहावे, म्हणजे नुसते कौतुक आणि जपणूक यांतील अंतर ध्यानी येते.

आता त्रिकोणाच्या वाईकडील टोकाकडे वळू. विसाव्या शतकाच्या आरंभी नारायणशास्त्री मराठे यांनी वाईस पाठशाळा सुरू केली. प्राज्ञपाठशाळा या नावाने ती सर्वांस ठाऊक आहे. विनोबा भावेही काही काळ येथे अध्ययनास होते. नारायणशास्त्री पुढे संन्यास घेऊन केवलानंद सरस्वती झाले, आणि १९३७ पासून तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी यांच्या संपादकत्वाखाली ‘धर्मकोशा’चे भाग निघू लागले. लक्ष्मणशास्त्र्यांची ‘तर्कतीर्थ’ ही पदवीदेखील कोणी शाल पांघरून दिलेली नव्हे. १९२३ साली कलकत्त्याची परीक्षा देऊन ती त्यांनी मिळविली होती.

या वाईचा एक गौरव आम्हांस विशेष महत्त्वाचा वाटतो, आणि तो समारंभात झालेला नाही. पांडुरंग वामन काणे यांनी १९३० ते १९६२ या काळात धर्मशास्त्राचा इतिहास पाच खंडांत लिहिला. त्याबद्दल त्यांस १९५६ साली साहित्य अकादमीचे पारितोषिक आणि १९६३ साली भारतरत्न मिळाले. या खंडांच्या प्रस्तावनांतून काण्यांनी वाईच्या परमहंस केवलानंदस्वामींच्या साहाय्याचा कृतज्ञतेने उल्लेख केला आहे. विचार करा. काणे सुधारक विचाराचे मुंबईचे वकील, केवलानंद वाईचे संन्यासी. काण्यांचा ग्रंथ इंग्रजीत, तो वाचणारे लंडन-बर्लिनपर्यंतचे पंडित. त्या पंडितांस वाई हे गाव नकाशावर सापडले नसते. पण काण्यांच्या प्रस्तावनेतून त्यांस कळले की, कृष्णेच्या काठी एक मीमांसक बसला आहे आणि अडलेल्या ठिकाणी काण्यांसारखा माणूस त्यास विचारतो. ऋण उघड मान्य करणे हा गौरवाचा सर्वांत प्रामाणिक प्रकार होय, आणि त्याला खर्च एका वाक्याचा येतो. तरी ते वाक्य लिहिताना पुष्कळांची लेखणी अडखळते!

लक्ष्मणशास्त्र्यांच्या वाट्यास मान पुष्कळ आले. १९५४ साली दिल्लीच्या साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष होते. १९५५ साली त्यांच्या ‘वैदिक संस्कृतीचा विकास’ या ग्रंथास साहित्य अकादमीचे पारितोषिक मिळाले; मराठी ग्रंथास मिळालेले ते पहिलेच. या मानानंतर त्यांनी काय केले, हे पाहण्यासारखे आहे. १९६० साली साहित्य संस्कृती मंडळाचे अध्यक्षपद त्यांच्याकडे आले आणि त्यांनी मराठी विश्वकोशाचे काम वाईस बसून अंगावर घेतले. ज्या कामात आपले नाव हजारो नावांत मिसळून जाते असे ते काम. १९७६ साली पहिला खंड आला. विश्वकोशातील नोंद उघडून पाहा. तिच्या शेवटी ती लिहिणाराचे नाव असते. प्राणिशास्त्रावर चार परिच्छेद लिहिणारा कोणी अध्यापक असो की वेदान्तावर लिहिणारा महापंडित असो, ज्याचे श्रम त्याचे नाव. ही रीत साधी दिसते. परंतु रमण्यातील रांगेत रामशास्त्र्यांनी जे माप धरले होते, तेच माप दोनशे वर्षांनी वाईच्या कचेरीत धरलेले आम्हांस दिसते.

येथे आमच्या तिसऱ्या प्रश्नाचे उत्तरही मिळते. गौरव कसा स्वीकारावा? काही जण तो नाकारतात, आणि नाकारण्याचाही गाजावाजा होऊन तो दुसरा गौरव होतो. काही जण तो पुरेसा झाला नाही म्हणून कष्टी असतात. खरेशास्त्री एका भागाची वाहवा झाली की पुढच्या भागाच्या मुद्रितांस लागत. लक्ष्मणशास्त्र्यांनी पारितोषिकानंतर कोशाचे ओझे उचलले. गौरव म्हणजे झालेल्या कामाची भरपाई, असे त्यांनी मानले नाही. पुढच्या कामासाठी लोकांनी दिलेली उचल, असेच जणू मानले. उचल घेतली की ती फेडावी लागते, हे आपल्या बाजारपेठांच्या गावांस निराळे सांगावयास नको.

राहिला प्रश्न आपणा नागरिकांचा. विद्वानांचा गौरव विद्वानांनीच करावा, आम्ही सामान्यांनी काय करावे, असे कोणी विचारील. पण या दोन जिल्ह्यांनी तेही दाखविले आहे. १९०५ साली साताऱ्यास रघुनाथ पांडुरंग करंदीकरांच्या अध्यक्षतेखाली ग्रंथकार जमले. १९४३ साली सांगलीस श्रीपाद महादेव माटे अध्यक्ष असता साहित्य संमेलन भरले. १९६२ साली आणि पुन्हा १९९३ साली साताऱ्याने संमेलनाचे यजमानपण केले. औदुंबरास १९३९ पासून दर मकरसंक्रांतीस साहित्यिकांचा मेळा भरत आला, आणि त्यात खेड्यापाड्यांतले शेतकरी कवितेस येऊन बसले. २००८ साली सांगलीस संमेलन भरले तेव्हा अध्यक्ष सांगलीचेच समीक्षक म. द. हातकणंगलेकर होते. ज्याने आयुष्यभर इतरांच्या लेखनाचे गुण पारखले, त्यालाच त्याच्या गावाने व्यासपीठावर बसविले. ही गोष्ट आम्हांस फार अर्थपूर्ण वाटते, कारण चांगल्या वाचकाचा गौरव करण्याचे प्रसंग आपल्याकडे क्वचितच येतात.

वसंतातील व्याख्यानांची ही प्रथाही त्याच मालिकेतील आहे. १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने पुण्यास वसंत व्याख्यानमाला सुरू झाली आणि पुढे गावोगावी तिचे अनुकरण झाले. तिकिटाशिवाय, परीक्षेशिवाय, जातपात न विचारता कोणीही येऊन बसावे आणि पंडिताचे म्हणणे ऐकावे. रमण्याच्या आवाराला दरवाजे होते. या मांडवाला दरवाजा नाही. दक्षिणेच्या पद्धतीत ज्या समाजाला जागा नव्हती, तोच समाज येथे समोर बसला आहे, आणि म्हणून गौरवाच्या मापाची जबाबदारीही आता त्याच्याकडे आली आहे.

ही जबाबदारी अवघड नाही, पण ती टाळ्यांनी पुरी होत नाही. शाल आणि श्रीफळ द्यावे, जरूर द्यावे. आपली ती रीतच आहे. परंतु ज्याला शाल द्यावयाची त्याचे निदान एक पुस्तक चालकांपैकी कोणीतरी वाचलेले असावे, आणि परिचय करून देताना ‘थोर’, ‘महान’, ‘अद्वितीय’ या विशेषणांऐवजी त्याने कोणती नवी गोष्ट दाखविली हे एका वाक्यात सांगावे. ज्याला प्रश्न सुचला असेल त्याने तो उभे राहून विचारावा. प्रश्न हा अपमान नाही. पुस्तक विकत घ्यावे, कारण खरेशास्त्र्यांची वाहवा करणारे जितके होते तितके वर्गणीदार असते तर त्या शिक्षकाच्या डोक्यावरचा भार पुष्कळ हलका झाला असता. आणि ज्यांच्या घरी जुने दप्तर, बाडे, पत्रे असतील त्यांनी ती वाळवीच्या हवाली न करता अभ्यासकास दाखवावी. मिरजेच्या दप्तराने खरेशास्त्री घडविले, वाईच्या पत्रांनी राजवाड्यांस वाट दाखविली. गावाने विद्वानास देण्यासारखा मान यापेक्षा मोठा कोणता?

आपल्या माळ्यावर अजून काही रुमाल बांधलेले असतील. ते सोडण्याचे काम कोणीतरी करीलच. त्याचे नाव त्या कागदांबरोबर छापले जावे, एवढे आपण पाहावे.